कलम चार

नांदेड
८ नोव्हेंबर १९९३

प्रिय गुरुबसप्पा,

सप्रेम नमस्कार आणि जय हिंद.

भूकंपाला चाळीस दिवस होत आले. तेवढ्यात मी तुला तीन पत्रं टाईप केली, तिन्ही तुझ्या सिंधुवहिनीनं वाचून तपासली, तिन्ही निलंग्याकडं रवाना झाली आणि उत्तर एकाचंही नाही. शेवटी काल तुमच्या गावचे एक मास्तर इथं ऑफिसात भेटले. म्हणाले, "बिराजदार हवालदार? खुशाल आहेत. लातूरला गेलेत, बायकोनं मेस काढलीय." मी टेलिफोन ऑपरेटरच्या खुर्चीवरून उठलो आणि त्यांना मिठी मारली. मास्तर घाबरले असावेत.

आता जिवंत आहेस तर कामाचं ऐक.

मुखेडला ग्यानोबा म्हणून एक माजी शिपाई आहे. नऊ वर्षांपूर्वी सीमेवर सुरुंग फुटून त्याचे डोळे गेले. मला हे गेल्या महिन्यात कळलं. गेलो भेटायला. गुरुबसप्पा, हा माणूस नऊ वर्षं एकाच बाजेवर बसून आहे. दाढी भाऊ करतो, जेवण आई भरवते. ब्रेल शिकता येतं, काठीनं एकट्यानं चालता येतं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मी एकटा एसटीनं आलो यावर त्याचा विश्वास बसेना. माझे डोळे त्यानं हातानं चाचपून पाहिले, खोटारडा तर नाही ना म्हणून!

नांदेडहून मुखेड ते किती लांब? आणि मला नऊ वर्षं पत्ता नाही. मग पंजाबात, गढवालात, तमिळनाडूत असे किती बाजेवर बसले असतील? सरकार पेन्शन देतं, पण शेजारी येऊन बसत नाही. पाच वर्षांपूर्वी पुण्याच्या लष्करी रुग्णालयात मी तुझ्या खाटेशेजारी स्टूल टाकून दहा दिवस बसलो होतो, आठवतं? तू पहिले दोन दिवस भिंतीकडं तोंड करून होतास. असं कुणीतरी प्रत्येकाकडं जायला हवं, आणि तो डोळे गेलेला सैनिकच हवा.

तर मी संघटना काढणार आहे. अखिल भारतीय. चिटणीस तू.

तुझा
रेणुकादास हदगावकर
(नायब सुभेदार, सिग्नल्स, निवृत्त)

---

लातूर
२० डिसेंबर १९९३

सुभेदार साहेबांस शरणार्थ. जय हिंद.

साहेब, तुमचं पत्र दानम्मानं दोनदा वाचून दाखवलं. ती मिठीची गोष्ट तर तीनदा. आता मी सांगून राहिलो अन् ती लिहून राहिली. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकीच्या माझ्या.

घर पडलं. दगडमातीचंच होतं. गणपती बुडवून आलेलो, उकडत होतं मनून मी अन् दानम्मा अंगणात पडलेलो, ते वाचलो. मल्लम्मावैनी आत होती. ती गेली. माझ्या आईमागं तिनंच मला वाढवलं होतं, साहेब. यावर ज्यादा लिवायचं न्हाई.

पहाटेच्या त्या धुळीत कुणालाच काही दिसत नव्हतं. सगळा गाव माझ्यासारखा झाला. मला तेवढी तरी सवय होती. आवाजावर गेलो अन् शेजारच्या सिद्धम्माआजीला पायाला धरून ओढून काढलं. ती अजून शिव्या देऊन राहिली, पाय मुरगळला मनून.

मग फौज आली. बुटांचा आवाज आला अन् मला रडू फुटलं. त्या जवानांसंगं मी महिनाभर होतो. कुणी मद्रासी, कुणी डोगरा, कुणी गढवाली. चहा प्यायचो, गप्पा हाणायचो.

आता लातूर. इथं लई मजा हाय. आख्ख्या मराठवाड्याची पोरं डाक्टर-इंजिनेर व्हायला आलीत. गल्लीगल्लीत क्लास. दानम्माच्या मेसवर तीस पोरं जेवतात, अन् माझी ड्यूटी पोरांना पहाटे चारला उठवायची. हाताचं घड्याळ चाचपतो अन् परेडचा आवाज लावतो. एक पोरगं तर घाबरून सॅल्यूट करत उठलं. भिंतीपलीकडनं पाठांतर ऐकू येतं. न्यूटनचे तिन्ही नियम मला तोंडपाठ हायत.

संघटनेचं मनाल तर करा जरूर. जवानांना सांगून माणसं हुडकायचं काम माझ्याकडं. पण चिटणीस-बिटणीस नको. आपल्याला कागदाचं काम जमत न्हाई.

(दादा, हे खोटं आहे. मेसचं सगळं कागदपत्र हेच तोंडानं सांगतात, मी फक्त लिहिते. – दानम्मा)

तुमचा
गुरुबसप्पा

---

नांदेड
६ मार्च १९९४

प्रिय गुरुबसप्पा,

मल्लम्मावहिनींचं वाचून सिंधुनं पत्र खाली ठेवलं, उठून देवापुढं दिवा लावला. मीही सांगितलं नाही वाच म्हणून.

आता संघटनेची खबर. वकील म्हणतात, नावात 'अखिल भारतीय' हवं असेल तर निरनिराळ्या राज्यांतले निदान आठ जण तरी सभासद दाखवा. मी म्हटलं, नांदेडात बसून आठ राज्यं कुठून आणू? सिंधु म्हणाली, "अहो, गुरुद्वारा कशाला आहे?"

खरंच की! रोज देशभरातून माणसं इथं येतात. मी जाऊन तिथल्या सेवादारांना भेटलो. त्यांनी लंगरच्या दारात पाटी लावू दिली, पंजाबी नि हिंदीत: कुणाच्या गावात डोळे गेलेला फौजी असेल तर पत्ता द्या. पंधरा दिवसांत सहा पत्ते! अमृतसरचा एक, जम्मूचा एक, हरियाणाचे दोन, तराईतले दोन. मी सगळ्यांना टाईप करून पत्रं धाडली. हिंदीत टाईप करताना 'ळ' शोधत बसायची सवय मोडावी लागली.

नियमावलीचा मसुदाही झाला. एकोणीस कलमं. सगळ्यांत महत्त्वाचं कलम चार. तुला शब्दशः देतो: "ज्याची दृष्टी शत्रूच्या कारवाईत गेली असा माजी सैनिकच सभासद होऊ शकेल. डिस्चार्ज बुकातील नोंद हाच पुरावा मानला जाईल." म्हणजे कुणी सोम्यागोम्या शिरायला नको. एकाहत्तर साली माझ्या तारायंत्राच्या खंदकावर गोळा पडला, मी शुद्धीवर आलो तो अंधारातच. माझ्याकडं मिरवण्यासारखं एवढंच आहे. त्याची किंमत राहिली पाहिजे.

सोबत फॉर्म पाठवतोय. कागदाचं काम जमत नाही वगैरे ऐकून घेणार नाही. डिस्चार्ज बुकाची नक्कल जोडून धाड.

तुझा
रेणुकादास

---

लातूर
११ जून १९९४

साहेब, शरणार्थ.

पोरांचे बारावीचे निकाल लागले. मेसमधली दोन पोरं मेडिकलला लागणार मनून सगळी गल्ली पेढे खाऊन राहिली. क्लासवाले माणिकप्पा सर माझ्या पाया पडायला आले, "हवालदार, तुमच्या उठवण्यामुळं झालं." मी मनलं, सर, मग फीमधला वाटा द्या. लगेच उठून गेले.

आता खबर ऐका. भूकंपाला आलेल्या जवानांना मी आपला पत्ता देऊन ठेवला होता. त्यांनी गावाकडं सुट्टीत विचारलं. पाच पत्ते आले! मदुराईचा एक हाय, गढवालचे दोन, ओरिसाचा एक, अन् बिकानेरकडचा एक, तो उंटावरून एकटा फिरतो मने. उंटाला वाट ठावी हाय. दानम्माला मी मनलं, आपण पण उंट घेऊ. ती मनाली, त्याला मेसमध्ये ठेवायचं का वरच्या मजल्यावर?

सगळ्यांची नावं-पत्ते सोबत जोडलेत. गढवालच्या एकाला तर मी एसटीडी बूथवरून फोन लावला. साहेब, तो माणूस सात वर्षांत फोनवर पहिल्यांदा बोलला. कुणाशी बोलायचं, मनला. आता दर रविवारी मीच लावतो.

फॉर्मचं असं झालं की डिस्चार्ज बुक भूकंपात गाडलं गेलं. हुडकून राहिलो. सापडलं की धाडतो. तवर माझं नाव राहू द्या बाजूला, दुसऱ्या कुणाला तरी चिटणीस करा. मदुराईवाला शिकलेला हाय.

तुमचा
गुरुबसप्पा

(दादा, हे सांगतील ते मी लिहिते. – दा.)

---

नांदेड
२२ ऑगस्ट १९९४

गुरुबसप्पा,

तुझ्या पाच पत्त्यांपैकी चौघांचे फॉर्म आलेसुद्धा. उंटवाल्यानं तर अंगठ्याच्या तीन-तीन निशाण्या पाठवल्या. आठ राज्यं पुरी झाली. आणि तू? तीन स्मरणपत्रं टाकली, प्रत्येकाला उत्तर एकच, बुक सापडत नाही. अरे, हरवलं तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कर, नक्कल मिळते. हे काय मी तुला शिकवायचं?

मला वाटतं तुला आमच्यात यायचं नाही. लातूरला तुझं बस्तान बसलं, आता कशाला ही ब्याद, असं असेल तर स्पष्ट सांग. मी मात्र प्रत्येक पत्रात तुझंच उदाहरण देतो. श्रीलंकेत सुरुंग फुटला, डोळे गेले, आणि तोच माणूस भूकंपात म्हातारीला ओढून काढतो! ग्यानोबाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो बाजेवरून उठून अंगणापर्यंत आला. काठी घेऊन, एकटा.

नियम सांभाळणं सोपं नाही, हेही तुला सांगतो. गेल्या आठवड्यात गुरमेज सिंग नावाचे एक गृहस्थ घरी आले. तरनतारनकडचे, मुलगी इथं नांदेडात दिलीय. फौजेच्या वर्कशॉपमध्ये होते, गाडीच्या बॅटरीचं अ‍ॅसिड उडून डोळे गेले. मी कलम चार वाचून दाखवलं. माणूस चांगला, पण नियम तो नियम. ते काठी चाचपू लागले. "मुझे तो बस कुछ पूछना था," म्हणाले आणि उठले. सिंधुनं चहा केलेला तसाच राहिला. ती तेव्हापासून माझ्याशी जरा तुटक वागते आहे.

फॉर्म धाड.

रेणुकादास

---

लातूर
१४ सप्टेंबर १९९४

साहेब,

हे पत्र माझं मी लिहून राहिलो. तुमीच शिकवलेली ब्रेलची पाटी, तुमीच दिलेला टोच्या. बोटं दुखायलीत. दानम्मा विचारते काय टोचून राहिलात. मी मनलं, अभ्यास.

मी श्रीलंकेला गेलोच न्हाई.

माझी कंपनी बाडमेरकडं सरावाला होती. आमच्या फौजी लंगरमधला, रसोड्यातला कुक नवा होता, भय्या. मी त्याला लई दिवस सांगत होतो, तुला धपाटे शिकवतो. एके दिवशी शिकवायला बसलो. ज्वारीचं पीठ, कांदा, लाल मिरची. रॉकेलची शेगडी विझायला लागली मनून मी पंप मारला. ज्यादा मारला. फुटली. कुकाला खरचटलं सुद्धा न्हाई. माझे डोळे गेले. धपाट्यापायी, साहेब.

पुण्याला मला ज्या वार्डात टाकलं तिथं डावीकडं श्रीलंकेचा जखमी, उजवीकडं श्रीलंकेचा जखमी. रातंदिस त्यांच्याच गोष्टी. डाक्टर त्यांना सॅल्यूट करायचे, मला औषध द्यायचे. तुमी दोन दिवस नुसतं येऊन बसलात, तिसऱ्या दिवशी स्टूल जवळ ओढलं अन् विचारलं, "श्रीलंका?" मी मनलं, "हाव." तवर मी कुणाशी एक शब्द बोललेलो नव्हतो. पहिला शब्द बोललो तोच खोटा. काय सांगणार होतो? सुभेदार साहेब एकाहत्तरचे, मी धपाट्याचा.

मग तुमी भावाला सांगितलं, भावानं गावात सांगितलं, गावानं बसस्टँडवरून वाजतगाजत नेलं. हार गळ्यात पडल्यावर खरं सांगायला लई ताकद लागते. माझ्यात नव्हती.

डिस्चार्ज बुक गाडलं गेलं न्हाई. ट्रंकेत हाय. त्यात सगळं लिवलंय. मनून धाडलं न्हाई. दानम्मालाही ठाव न्हाई. तिला सांगू नका.

तुमच्यात यायचं न्हाई असं कसं मनता, साहेब. मला तेवढंच यायचं होतं.

ग्यानोबाला माझी गोष्ट सांगू नका आता. न्हाईतर सांगा, तुमचं तुमी ठरवा.

गुरुबसप्पा

---

लातूर
२ नोव्हेंबर १९९४

रेणुकादासदादांना दानम्माचा शरणार्थ.

दादा, हे पत्र मी माझ्या मनानं लिहिते आहे. हे भाजी आणायला गेलेत, तेवढ्यात.

सप्टेंबरात यांनी पाच दिवस खोलीत बसून टोचून टोचून तुम्हाला पत्र धाडलं. मग वाट बघत बसले. सप्टेंबर सरता सरता तुमचा लिफाफा आला. यांनी हातात घेतला, ठिपके लागतात का ते चाचपून पाहिलं. मला म्हणाले, काय व्हायचं ते होऊ दे, वाच. मी उघडला. दादा, आत तीन कागद, तिन्ही कोरे.

मी सांगितलं, काहीच लिहिलेलं नाही. हे म्हणाले, "बरोबर हाय. साहेबांना बोलायचंच न्हाई." त्या दिवसापासून पोरांना उठवायचं सोडलंय. गढवालला रविवारचा फोन लावत नाहीत. पोरं विचारतात, काका आजारी आहेत का.

कोरे कागद पाठवायला तुम्हाला तिकीट लावावं वाटलं? शिव्या दिल्या असत्या तर मी वाचून दाखवल्या असत्या. तुम्ही मोठे, शिकलेले, म्हणून ही रीत?

त्या ठिपक्यांत काय होतं ते मला वाचता येत नाही, पण मला माहीत आहे. पेन्शनचे कागद सहा वर्षं मीच भरते. डिस्चार्ज बुकात काय लिहिलंय ते मी पहिल्याच महिन्यात वाचलं. पुण्याच्या दवाखान्यातून यांना घरी आणलं तेव्हा कपड्यांच्या पिशवीत ते होतं. यांना वाटतं मला ठाऊक नाही. मी बोलले नाही कारण त्या खोट्याच्या काठीनं का होईना, हे उभे राहिले होते. गावानं सैनिक म्हटलं म्हणून हे भिंतीकडचं तोंड वळवून माणसांत आले. मला माझा नवरा परत मिळाला. मग तो सुरुंगानं मिळाला काय नि शेगडीनं काय.

तुमच्या संघटनेचे पाच पत्ते कुणी आणले? तो नियम कुणासाठी केलात?

उत्तर द्यायचं तर माझ्या नावानं द्या, आणि या वेळी काहीतरी लिहा.

दानम्मा

---

नांदेड
७ नोव्हेंबर १९९४

दानम्मावहिनींस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र सिंधुनं वाचलं. "तीन कागद, तिन्ही कोरे" इथं आली, थांबली आणि सरळ माझ्या टाईपरायटरकडं गेली. मग हसायला लागली. मग रडायला लागली. मला काही कळेना.

वहिनी, मी कोरे कागद पाठवले नाहीत. तीन कागद भरून टाईप केलं होतं. टाईपरायटरला एक खिट्टी असते, ती सरकली की रिबन वर येत नाही, बटणं नुसती कागदावर आपटतात. आवाज तोच येतो. मला कसं कळणार? एरवी प्रत्येक पत्र सिंधु तपासते. हे तिला दाखवलं नाही, कारण गुरुबसप्पानं विश्वासानं सांगितलेलं होतं. स्वतः जाऊन पेटीत टाकलं. ब्रेलमध्ये टोचायला हवं होतं, पण टाईप केलेलं त्याला तुम्हीच वाचून दाखवणार, हे रागाच्या भरात सुचलंच नाही.

आणि आता खरं सांगतो. फार बरं झालं ती खिट्टी सरकली. त्या तीन कागदांत मी जे लिहिलं होतं ते तुम्ही त्याला वाचून दाखवलं असतं तर मी त्याला कायमचा गमावला असता. मला फसवल्याचा राग होता. त्याहून जास्त, त्याची गोष्ट मी गावोगाव सांगितली त्याची लाज होती. लाजेपोटी माणूस फार मोठ्या आवाजात लिहितो. त्यातलं एक वाक्यही मी पुन्हा लिहिणार नाही.

ते टाकलं आणि मी उत्तराची वाट बघत होतो. तो रागावला म्हणून लिहीत नाही असं समजत होतो. बघा, दोघं आपापल्या घरी वाट बघत!

मधे काय झालं ते सांगतो. दसऱ्याच्या बाजारात सिंधुला गुरमेज सिंगांची मुलगी भेटली. सिंधुनं विचारलं, तुमच्या वडिलांना त्या दिवशी काय विचारायचं होतं? मुलगी म्हणाली, "चाय का पूछना था." सिंधु घरी आली आणि म्हणाली, "चला." कुठं ते सांगितलं नाही. रिक्षा थांबली ती त्यांच्या दारात.

त्यांचा प्रश्न असा होता: चहा ओतताना कप भरला हे कसं कळतं? सहा वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं चहा ओतला नव्हता. घरात पाहुणा आला की कोपऱ्यात बसून राहायचे, कारण त्यांच्याकडं पाहुण्याला वडीलधाऱ्यानं चहा द्यायचा असतो आणि तो यांच्या हातून सांडायचा. मी आंधळा, नोकरी करतो, हे कानावर आलं म्हणून विचारायला आले होते. सभासद व्हायला नव्हतेच आले. मी त्यांना नियम वाचून दाखवला होता.

मी खाली बसलो. त्यांचा हात धरला. बोटाचं टोक कपाच्या काठाच्या आत, आणि कानानं ऐकायचं. कप भरत आला की धारेचा आवाज बारीक होत जातो. पहिले दोन कप बशीत गेले. तिसऱ्याला बोट भाजलं आणि ते ओरडले, "भर गया!" चौथा कप त्यांनी मला दिला. त्यांची मुलगी दारात उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

तिथंच मला पुण्याची ती खाट आठवली. मी गुरुबसप्पाला "श्रीलंका?" असं कशाला विचारलं होतं? "जेवलास का?" असं विचारायला हवं होतं. खोटं तो बोलला, पण प्रश्न माझा होता.

कलम चार काढून टाकलं आहे. नवीन कलम असं: "सैन्यात असताना किंवा नंतर ज्याची दृष्टी गेली असा कुणीही माजी सैनिक." कारणाचा रकाना फॉर्मवरून खोडला. मदुराईच्या सभासदानं हरकत घेतली, लढाईत जखमी झालेल्यांचा मान राहत नाही म्हणून. त्याला मी लिहिलंय, मान शिल्लक राहील, तू माझ्याशी लातूरला येऊन भांड.

हो, लातूरला. पहिली सभा तिथंच घ्यायची. १५ जानेवारीला रविवार आहे, आणि सेना दिवसही. हॉल गुरुबसप्पानं शोधायचा. चिटणिसाचं काम आहे ते.

हे पत्र सिंधुनं तपासलं आहे. अक्षरं उमटली आहेत.

तुमचा
रेणुकादास

---

लातूर
२३ जानेवारी १९९५

सुभेदार साहेब, शरणार्थ.

तुमी सगळे गेल्यावर मेस सुनी झाली. उंटवाल्याची शिट्टी दानम्माला पाणी तापवायच्या बंबामागं सापडली, पोस्टानं धाडली.

सभेचा वृत्तांत चिटणिसानं लिवायचा असतो मनून लिवतो. तुमी हजर होतात, तरी ऐका. नोंद पाहिजे.

माणिकप्पा सरांनी फिजिक्सच्या दोन बॅचमधला वेळ दिला, दहा ते एक. हॉलला खिडक्या न्हाईत. फळ्यावर काहीतरी गणित होतं, सर पुसायला धावले, तुमी मनलात, राहू द्या, आमची काही हरकत न्हाई. सगळे हसले. अकरा माजी सैनिक, आठ राज्यं. मधेच लाईट गेली. सर अन् बायकामाणसं मेणबत्त्या हुडकायला लागले. आमी ठराव क्रमांक सहावर होतो, सातवर गेलो. पंखा थांबला मनून कळलं.

मग मी उठलो. हे तुमी सांगितलेलं नव्हतं, साहेब, मीच ठरवलं होतं. माझी धपाट्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली. हिंदीत. ग्यानोबा पुढच्याच बाकावर होता, त्याच्या विडीचा वास येत होता. मला वाटलं, आता हा उठून जाईल. बोलून झालं. मी बाकावर बसलो. मग मदुराईवाला, जो तुमच्याशी सकाळपासून भांडून राहिला होता, तो मनाला, "हवालदार, धपाटा क्या होता है?" आता हे त्याला समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. गुरमेज सिंग मनाले, ये तो हमारी मिस्सी रोटी है. बिकानेरवाला मनाला, बाजरीचा का न्हाई? अध्यक्षांनी टेबल वाजवलं तरी कुणी ऐकेना.

ग्यानोबा मात्र त्या वादात पडला न्हाई. जाताना बसस्टँडवर माझा खांदा धरून मनाला, "सुरुंगवाला हवालदार लई मोठा वाटायचा रे. आपल्याला जमायचं न्हाई असं वाटायचं. तुझं जमंल." अन् एकटाच मुखेडच्या गाडीत चढला. कंडक्टरनं हात दिला तर मनाला, सरक बाजूला.

दानम्माला सगळं ठाव होतं, हे तुमी मला का न्हाई सांगितलं? सभेच्या आदल्या रात्री मी तिला कबूल केलं तर मनाली, "हाव, ठाव हाय. वरण वाढू का?"

तुमचा
गुरुबसप्पा
चिटणीस

(शेवटचा शब्द त्यांनी तीनदा म्हणवून घेतला. – दा.)

---

पुणे
१९ मार्च १९९५

साहेब,

हे ब्रेलमध्ये हाय, दानम्मा संगं न्हाई.

तुमी मनलात तसा दवाखान्यात आलो. तोच वार्ड असावा, फरशीचा आवाज वळखीचा वाटला. नर्सबाई मनाल्या, एक जवान हाय, बावीस वर्षांचा, कलबुर्गीकडचा. तीन आठवडे झाले, कुणाशी बोलत न्हाई. डाक्टर हिंदीत बोलतात, इंग्रजीत बोलतात, हा भिंतीकडं तोंड करून.

स्टूल ओढलं अन् बसलो. पहिला दिवस नुसता बसलो. तो जागा हाय हे श्वासावरून कळत होतं. दुसऱ्या दिवशी पण बसलो. डब्यातलं खाल्लं, पेपरवाल्याशी भांडलो, शेजारच्या खाटेवरच्याला न्यूटनचा तिसरा नियम समजावून सांगितला. तरी काही न्हाई.

आज दुपारी ताटं आली. त्याचं ताट तसंच परत निघालं. मी आमच्या घरातल्या बोलीत, कानडीत, सहज विचारलं, "ऊटा आयता?" जेवलास का.

साहेब, खाट करकरली. तो माझ्याकडं वळला. हळूच मनाला, "नीवू याव ऊरु?" तुमचं गाव कोणतं? मी सांगितलं, निलंगा. तो मनाला, आमच्या मावशीचं गाव त्याच्याजवळ हाय, भूकंपात गेलं. मग आमी मावशीबद्दल बोललो. मल्लम्मावैनीबद्दल पण बोललो. मी तिच्याबद्दल इतकं कधी कुणाशी बोललो नव्हतो. बोलता बोलता त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. वरण सांडलं, मी काही बोललो न्हाई.

त्याचे डोळे कसे गेले ते मी विचारलं न्हाई. फॉर्म भरला, नाव, गाव, रेजिमेंट. सही करताना त्याचा हात धरावा लागला. मी निघालो तर मनाला, "उद्या किती वाजता येणार?"

मनून गुरुवारची लातूर गाडी रद्द. अजून आठ दिवस तरी इथं राहणार, त्याला चहा ओतायला अन् दाढी करायला शिकवायचं हाय. दानम्माला मी शुक्रवारी येतो मनून सांगून आलोय, शुक्रवारी मेसला मोठं जेवण हाय, पोरांच्या परीक्षा संपतात. बूथवर फोन करून तिला तुमीच सांगा. अध्यक्षांचं ती ऐकते. माझी हिंमत न्हाई.

गुरुबसप्पा